कॅम्पर व्हॅनसाठी जनरेटर किती मोठा घ्यावा?

व्हॅन तयार होते, गाद्या बसतात, पडदे लागतात आणि मग जनरेटरचा प्रश्न येतो. इंदूरमध्ये कुणी नवीन कॅम्पर केली की आमच्याकडे फोन ठरलेला: "ताई, दोन केव्हीए पुरेल का? दुकानदार पाच घ्या म्हणतोय." केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप, एक केव्हीए म्हणजे हजार व्हीए. माझं उत्तर दर वेळी एकच असतं. आधी कागद-पेन्सिल घ्या, दुकानात नंतर जा. सियागंजात किंवा महाराणी रोडवर नुसतं "व्हॅनसाठी जनरेटर दाखवा" म्हणालात, तर दुकानात जो पडून आहे तो दाखवतील. त्यात त्यांचाही दोष नाही, कारण तुमच्या व्हॅनमध्ये काय चालणार हे त्यांना ठाऊक नसतं.

लहान घेतला तर मिक्सर सुरू करताच बंद पडतो. मोठा घेतला तर पन्नास-साठ किलोचं धूड उचलायला दोन माणसं लागतात, पेट्रोल जास्त पितो आणि शेजारच्या तंबूतली मंडळी कपाळाला आठ्या घालतात. माझ्या पाहण्यात लहान घेऊन पस्तावणाऱ्यांपेक्षा मोठा घेऊन तो घरीच ठेवून जाणारे जास्त आहेत.

१. रात्र बॅटरीची, दिवस जनरेटरचा

सगळं गणित या निर्णयावर उभं आहे, म्हणून तो सर्वात आधी घ्या. झोपेत जनरेटर चालू ठेवायचा नाही. आवाजाचा प्रश्न आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा धरला आहे आणि निवासी भागात त्या वेळी मर्यादा ४५ डेसिबलची आहे. खरं कारण मात्र कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही.

म्हणजे रात्रीचं ओझं बॅटरीने उचलायचं आणि जनरेटरने दिवसा दोन-तीन तासांत ती बॅटरी भरून द्यायची. आमच्यासारख्या चौघांच्या कुटुंबाची एक रात्र अशी जाते: १२ व्होल्टचा छोटा फ्रीज चालू-बंद होत दहा तासांत साधारण २५० वॅट-तास खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे ३० वॅटचे दोन पंखे आठ तास, म्हणजे ४८०. घरात कुणाला झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागत असेल तर आर्द्रता देणारा हीटर बंद ठेवून ४० वॅटने आठ तास, ३२०. दिवे आणि मोबाइल मिळून ५०-६०. बेरीज ११०० वॅट-तासांच्या जवळ येते. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी कागदावर १२८० देते. पुरेल, पण काठोकाठ. मी १५० अँपिअर-तासाची घ्या म्हणेन. घरच्या इन्व्हर्टरची जुनी लेड-ॲसिड बॅटरी वापरणार असाल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असं धरून चाला, नाहीतर ती लवकर मरते.

२. यादी करा, पण वॅट पाटीवरून वाचा

प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाशी एक पाटी असते, तिच्यावरचा आकडा लिहा. ढोबळ अंदाजासाठी हे घ्या:

- लॅपटॉपचा चार्जर: ६५ वॅट
- ३२ इंची टीव्ही: ५० वॅट
- मिक्सर: ५०० ते ७५० वॅट
- विजेची किटली: १५०० वॅट
- इंडक्शन शेगडी: १२०० ते २००० वॅट
- केस वाळवायचं ड्रायर: १००० वॅट आणि वर
- मायक्रोवेव्ह: खोक्यावर ८०० लिहिलेला असला तरी भिंतीतून १२००-१३०० ओढतो
- घरगुती एकदारी फ्रीज: चालताना १०० वॅटच्या आसपास
- १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा बॅटरी चार्जर: ४९० वॅटच्या आसपास

मायक्रोवेव्हची ओळ पुन्हा वाचा. त्याच्यावर छापलेला आकडा अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचा असतो, विजेच्या खपाचा नाही. बॅटरी चार्जरचंही असंच काहीसं आहे. स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट भागिले व्हीए, ०.६५ च्या घरात असू शकतो. म्हणजे तो वॅट ४९० खातो, पण जनरेटरवर बोजा ७५० व्हीएचा टाकतो. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर ऑनलाइन सहज मिळतो. घरीच एकेक उपकरण त्यावर लावा आणि वॅट व व्हीए हे दोन्ही आकडे टिपून ठेवा. एका संध्याकाळचं काम आहे, मुलांनाही त्यात मजा वाटते.

मग यादीवर एक काट मारा. किटली, इंडक्शन, ड्रायर, टोस्टर, म्हणजे तापणाऱ्या सगळ्या वस्तू, खोडून टाका. चहा आणि पोहे गॅसच्या शेगडीवर उत्तम होतात. एका किटलीपायी जनरेटरचा आकार दुप्पट करण्यात काही अर्थ नाही.

३. सुरू होतानाचा झटका

जिथे मोटर किंवा कॉम्प्रेसर आहे, तिथे सुरू होण्याच्या क्षणी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. मिक्सरला साधारण दुप्पट धरा; भिजवलेल्या डाळीने भांडं गच्च भरलेलं असेल तर त्याहून जास्त. घरगुती फ्रीजचा कॉम्प्रेसर चालताना १०० वॅट घेत असला तरी उठताना क्षणभर ६०० ते १००० मागतो. शेतावर थांबून विहिरीतून पाणी ओढायला अर्ध्या एचपीची मोटर लावायचा विचार असेल, तर ती चालताना ५००-६०० आणि सुरू होताना दोन हजारांच्या वर जाते.

एसी किंवा फ्रीजच्या पाटीवर 'एलआरए' अशी अक्षरं दिसली तर तो आकडा जपून लिहा. मोटर अडकलेली असताना, म्हणजेच सुरुवातीच्या क्षणी, ती किती अँपिअर ओढते हे तो सांगतो. त्याला २३० ने गुणलं की झटका व्हीएमध्ये मिळतो.

४. बेरीज सगळ्यांची नको, एका वेळच्यांची करा

नवखी मंडळी इथेच गडबडतात. यादीतलं सगळं एकत्र मिळवलं की चार-पाच हजार वॅट होतात आणि माणूस घाबरून पाच केव्हीएवर जातो. पण टीव्ही, मिक्सर, चार्जर आणि मोटर एकदम कोण चालवतं? दिवसातली सर्वात वाईट वेळ डोळ्यांसमोर आणा. ती बहुधा सकाळची असते.

आमची सकाळ: बॅटरी चार्जर ४९०, लॅपटॉप ६५, टीव्ही ५०. हे ६०५ वॅट आधीच चालू आहेत. त्यात कुणीतरी चटणीसाठी ५०० वॅटचा मिक्सर लावला. चालतानाची बेरीज ११०५. मिक्सर उठतानाच्या क्षणी ६०५ अधिक १०००, म्हणजे १६०५.

आता ११०५ मध्ये पाव भाग मोकळीक धरा, १३८० होतात. तेव्हा सतत १६०० ते १८०० वॅट देणारा आणि क्षणभर २००० ला पोचणारा जनरेटर पुरून उरतो. दुकानाच्या भाषेत हा दोन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर, म्हणजे बोजाप्रमाणे इंजिनाचा वेग बदलणारा. वजन वीस-बावीस किलो, एक माणूस उचलून खाली ठेवू शकतो.

चटणी घरून डब्यात भरून नेणार असाल, तर एक केव्हीएचाही विचार जरूर करा. तो सतत ९०० वॅटच्या आसपास देतो, वजन तेरा-चौदा किलो, आणि चांगल्या पॉवर फॅक्टरचा चार्जर असेल तर बॅटरी निवांत भरतो. दोघंच फिरणाऱ्या जोडप्याला मी आधी हाच सुचवते.

५. एसीचं काय?

सर्वात जास्त वाद याच्यावर होतो. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या माळव्यात व्हॅनमध्ये एसीसाठी जनरेटर वाढवू नका. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी ४२ अंश झाले तरी रात्री वारा सुटतो. मांडवगडला, जानापावकडे किंवा पचमढीला तर प्रश्नच येत नाही. निमाडात उतरलात की मात्र गोष्ट वेगळी. महेश्वर, ओंकारेश्वर, खंडव्याकडचं हनुवंतिया, इथे उन्हाळ्यात रात्रीसुद्धा हवा तापलेली असते. तिथे जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, नर्मदाही तेव्हाच बघावी.

तरीही घरात तान्हं बाळ आहे, आजारी माणूस आहे, एसी हवाच आहे, तर हिशेब असा. जुन्या पद्धतीचा, ठरावीक वेगाचा एक टनाचा एसी चालताना ११००-१२०० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर उठताना २५ अँपिअर मागू शकतो. म्हणजे पावणेसहा हजार व्हीए. दोन केव्हीएचा सेट तिथे खोकून बंद पडणारच. एक टनाचा इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग पकडतो, त्यामुळे झटका जवळपास नसतो. कडक उन्हात तो जास्तीत जास्त १२००-१३०० वॅटपर्यंत जातो. म्हणून एसी बसवायचाच तर इन्व्हर्टर एसी बसवा. छतावरचा एसी ठरावीक वेगाचा असेल तर त्याला सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे सुरू होतानाचा झटका कमी करणारं उपकरण, लावून घ्या. मग सतत २.५ ते २.८ किलोवॅट देणारा तीन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर काम करतो. याच्या वजनात फार फरक असतो: नवी हलकी मॉडेल पस्तीस किलोच्या आसपास, जुन्या धाटणीची साठपर्यंत. दुकानात स्वतः उचलून बघा.

आणि एसी लागला तरी नियम क्रमांक एक कायम. व्हॅन संध्याकाळी गार करून घ्या, झोपताना जनरेटर बंद, पंखे बॅटरीवर.

६. उंची आणि ऊन किती खातात

हवा विरळ झाली की इंजिनाचा दम कमी होतो. दर ३०० मीटरला सुमारे साडेतीन टक्के ताकद घटते असं धरा. इंदूरमध्येच सहा टक्के गेले, पचमढीला बारा. कडक उन्हात आणखी तीन-चार. वर चौथ्या पायरीत पाव भाग मोकळीक ठेवली ती यासाठीच.

लेह किंवा स्पितीचा बेत असेल तर साडेतीन हजार मीटरवर चाळीस टक्के ताकद गेलेली असते. १८०० वॅटचा सेट तिथे ११०० च्या खाली येतो. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाला दीड हजार मीटरच्या वर बराच काळ चालवायचं असेल तर उंचीसाठीचा वेगळा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग, बसवावा लागतो, नाहीतर ते काळा धूर सोडतं आणि प्लग काजळतो. घेतानाच विचारा, की त्या मॉडेलचा जेट मिळतो का. आणि खाली परतलात की मूळचा जेट परत बसवायचा.

७. पाटीवरच्या आकड्यांचे सापळे

केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे. बऱ्याच साध्या सेटवर पॉवर फॅक्टर ०.८ धरलेला असतो, म्हणजे तीन केव्हीए म्हणजे २.४ किलोवॅट. पाटीवर दोन आकडे असतील तर खोक्यावर ठळक छापलेला बहुतेक वेळा कमाल, म्हणजे थोडा वेळ देता येणारा असतो. तुम्हाला हवा तो 'रेटेड' लिहिलेला.

आवाजाच्या आकड्यातही असंच. ५२-५३ डेसिबल लिहिलेलं असेल तर ते सात मीटरवरून आणि पाव बोजावर मोजलेलं असण्याची शक्यता मोठी. दोन सेटची तुलना करताना अंतर आणि बोजा तोच आहे का बघा.

साधा सेट की इन्व्हर्टर? साधा स्वस्त पडतो, पण त्याचं इंजिन ५० हर्ट्झ राखण्यासाठी सतत एकाच वेगाने फिरतं, बोजा दहा वॅटचा असो की हजाराचा. इन्व्हर्टर सेट बोजाप्रमाणे वेग कमी करतो, म्हणून आवाज आणि पेट्रोल दोन्ही कमी. त्याची वीजही स्वच्छ असते. टीएचडी, म्हणजे विजेच्या लहरीतली विकृती, पाच टक्क्यांच्या आत असेल तर लॅपटॉप आणि सीपॅपला चिंता नाही. व्हॅनसाठी मी इन्व्हर्टरशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. पैसे कमी पडत असतील तर आकार लहान करा, प्रकार बदलू नका. समांतर जोडणीची सोय असलेला घेतलात तर पुढे गरज पडल्यास तसाच दुसरा जोडता येतो.

८. दुकानात जाताना

सोबत न्या:

- तुमची यादी आणि वॅटमीटर
- व्हॅनमधला खरा बॅटरी चार्जर आणि खरा मिक्सर
- डिकीची किंवा कप्प्याची लांबी-रुंदी-उंची, सेंटीमीटरमध्ये

दुकानात साधारण असं होतं: फुटपाथवर सेट ठेवतात, एक झटका मारून सुरू करतात, दोनशे वॅटचा बल्ब लावतात आणि म्हणतात, "देखिए साहब, एकदम मक्खन." बल्ब तर कुठल्याही सेटवर लागतो. तुम्ही शांतपणे तुमचा चार्जर लावा, मग मिक्सरच्या भांड्यात पाणी आणि भिजवलेली डाळ घालून तो सुरू करा. इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो आणि मग वर चढतो. तसं झालं तर ठीक. ओव्हरलोडचा लाल दिवा लागला किंवा वीज गेली तर तो सेट तुमचा नाही. हे एकदा इकॉनॉमी बटण चालू ठेवून आणि एकदा बंद करून बघा. इकॉनॉमीवर इंजिन मंद फिरत असतं, त्यामुळे अचानक आलेला झटका पेलायला त्याला वेळ लागतो.

निघण्यापूर्वी जीएसटीचं पक्कं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि दोन्हींवर इंजिनाचा तोच क्रमांक आहे ना, हे तपासा. प्रदूषण मंडळाच्या मान्यतेची पट्टी सेटवर हवी. सर्व्हिस इंदूरमध्येच होते की सेट भोपाळला किंवा मुंबईला पाठवावा लागतो, हेही तिथेच विचारून घ्या.

सेट व्हॅनमध्ये कायमचा बसवण्यासाठी पत्रा कापायचा विचार असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या फेरफारांचे नियम आहेत. आरटीओत आरसी घेऊन आधी विचारा. सुटा सेट पट्ट्यांनी बांधून नेला की ही कटकट राहत नाही.

९. पेट्रोल, केबल आणि जागा

पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना एका जागी ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि धातूचा डबा घट्ट झाकणाचा व २५ लिटरपेक्षा मोठा नको. प्लास्टिकच्या बाटलीत पंपवाला पेट्रोल देणार नाही, मागूही नका. पाच लिटरचा धातूचा डबा पुरतो. दोन केव्हीएचा इन्व्हर्टर सेट हलक्या बोजावर तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास घेतो. पहिल्या पायरीतले ११०० वॅट-तास भरून काढायला तीन तास, म्हणजे दीड-पावणेदोन लिटर. दिवसा गाडी चालवताना तिच्या इंजिनावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून चार्जिंगची सोय केली असेल तर तेही निम्म्यावर येतं. टाकी भरताना इंजिन बंद आणि थंड हवं. डबा माणसं बसतात तिथे ठेवू नका, आणि गाडीत भुकटीचं अग्निशामक असू द्या.

जनरेटर व्हॅनपासून किमान सहा मीटर लांब ठेवा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, सायलेन्सर सर्वांपासून उलट दिशेने. व्हॅनच्या छपरीखाली नाही, डिकीचं दार उघडं ठेवून आत तर नाहीच नाही. पाऊस आला म्हणून आत ओढून चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. पाऊस आला तर सेट बंद करायचा, बॅटरी आहे ना. व्हॅनच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर यातलं काही जाणवलं तर लगेच सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा.

लांब अंतरासाठी तीन तारांची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते. व्हॅनच्या बोर्डावर एमसीबी (बोजा जास्त झाला की वीज तोडणारा) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की तोडणारा) हवा. बऱ्याच लहान सेटमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो आणि मग आरसीसीबी हवा तेव्हा पडत नाही. जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. घरी लाइट गेल्यावर हाच सेट वापरायचा मोह होईल. दोन्ही टोकांना पिना असलेली तार करून घराच्या सॉकेटमध्ये कधीही घुसवू नका, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे एका वेळी एकतर बाहेरची लाइन किंवा जनरेटर, एवढंच जोडलं जातं.

१०. पहिले काही दिवस

नवा सेट बहुतेक वेळा तेलाशिवाय येतो. दोन केव्हीएच्या इंजिनात अर्ध्या लिटरच्या आतबाहेर १०डब्ल्यू-३० ऑइल बसतं; नेमका आकडा पुस्तिकेत बघून, सेट सपाट जागी ठेवून भरा. पहिलं तेल वीस तासांनी किंवा महिन्याने बदला. उतारावर ठेवलात तर तेल कमी असल्याचा सेन्सर इंजिन बंद करतो. इंदूरजवळच्या चोरलच्या काठावर "नवीन सेट बिघडला" म्हणून हैराण झालेल्यांच्या सेटखाली एक चपटा दगड सरकवला की तो सुरू होतो.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते ओलावा धरतं. सहल संपली की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. टाकीतलं उरलेलं पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या टाकीत ओता. पावसाळ्याचे चार महिने सेट पडून राहणार असेल तर दर महिन्याला ताजं पेट्रोल घालून, गच्चीवर किंवा अंगणात, चार्जर लावून पंधरा-वीस मिनिटं चालवा.